आईंच्या गंजाचं झाकण

"सासूच्या गंजाचं झाकण अधूनमधून उघडून पाहत जाय वो," शेजारच्या रीताकाकूंनी दोन वर्षांआधी सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याच्या भांड्यात डोकावणं मला बरं वाटेना, आणि तेव्हा माझं सगळं लक्ष खुशीवर होतं.

खुशी माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. गोंदियाच्या दवाखान्यात बारा दिवस तिचा ताप हटला नाही. तेराव्या दिवशी सासूबाई आवारातल्या नळावर आंघोळ करून आल्या. "मटन, मासोळी, अंडं, आजपासून सोडलं," म्हणाल्या. संध्याकाळी ताप उतरला. तेव्हापासून आईंची चूल वेगळी, गंज वेगळा. माझ्या हातची डाळसुद्धा घेत नसत, मटणाची पळी लागली असंल म्हणत. आम्ही मात्र बाजाराच्या दिवशी आणायचो ते आणतच राहिलो.

यंदा रोवणीच्या तिसऱ्या आठवड्यात आई धानाच्या बांधीतच बसल्या. हातात रोपांची पेंडी, कमरेपर्यंत चिखल. माझ्या नवऱ्याने, गजेंद्रने, धरून धुऱ्यावर, कोरड्या बांधावर आणलं.

घरी येऊन मी झाकण उघडलं. पाण्यातला शिळा भात, मीठ, अर्धी मिरची.

"आई, रोज हेच खाऊन राहिल्या तुम्ही?"

"एकटीसाठी कोन रांधते वो? रोवून रोवून हात उचलत नाई."

दुसऱ्या दिवशी मी कोरा गंज आणला, आंघोळ करून त्यांच्याच चुलीवर सोयाबीनच्या बड्या रांधल्या. खोबरं, खसखस भाजून, रस्सा दाट.

"हाडं कोन काढून नेले यातले?" गजेंद्र म्हणाला. आईही हसल्या. एक बडी तोंडात घातली, डोळे मिटून कितीतरी वेळ चावली. मग ताट सरकवलं.

"काऊन आई? खारट झालं?"

"नाई माय. लय चांगलं झालं. मटनावानीच लागते."

"सोयाबीन आहे ते."

"मले मालूम आहे. जिभेले कोन सांगते? तिनं नवस मोडला अन खुशीले काही झालं त?"

मी बी.एस्सी. झाले आहे. उत्तर अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात ओसरीवर खुशी खोकली, आणि माझ्याच हातांनी मी ते ताट उचललं.

आता घरात सगळ्यांच्या आधी त्यांची साधी डाळ शिजते, त्यांच्याच पळीने. अर्धी वाटी घेतात. बांधीत त्या वाकल्या की उठेपर्यंत मी पाहत असते.

तुमच्याही घरात कोणीतरी कोणासाठी काही सोडलं असेल. तिला विचारू नका, ती जेवले म्हणेल. आज जाऊन तिच्या गंजाचं झाकण तेवढं उघडून पाहा.