टाचणीराव गप्प झाले

मी एक टॅब बोलतोय. नवा होतो तेव्हा मला हातात घेण्याआधी माणसं बोटं पुसून घेत. आता माझी बॅटरी फुगली आहे, काच एका कडेने उचकटली आहे आणि मला चार्जिंगला लावायचं धाडस कुणी करत नाही. अंगात थोडी धुगधुगी उरली आहे, तेवढ्यात सांगून घेतो.

मला आणलं ते या घरातल्या मुलीसाठी. तिचं कॉलेज माझ्यावरच पार पडलं. पुढे तिला परगावी नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला आणि माझी गरज संपली. निघताना तिने मला वडिलांच्या हातात ठेवलं. म्हणाली, "बाबा, हा तुम्हाला. तुमची ती अवकाशयानं-बिनं बघत बसा यावर."

वडील चष्म्याचे कारागीर. त्यांचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळकांडी. पुढे फ्रेमा टांगलेल्या, मागे काच घासायचं यंत्र, त्याच्या शेजारी मी. त्यांच्या बोटांना कायम काचेची बारीक पूड चिकटलेली असे. माझ्या अंगावरचे ओरखडे त्या पुडीचे आहेत. पण त्यांच्याइतकं प्रेमाने मला कुणी धरलं नाही, म्हणून ओरखड्यांचा मला कधी राग आला नाही.

त्यांना आकाशाचं वेड होतं. 'परतीचं जहाज' नावाची एक मालिका ते माझ्यावर बघत. पिढ्यानपिढ्या अवकाशात भटकलेली माणसं पृथ्वीकडे परत निघालेली आहेत, अशी काहीतरी गोष्ट. एक भाग ते आधी गोष्टीसाठी बघत आणि मग चुका पकडण्यासाठी पुन्हा बघत. पकडलेली चूक सांगायची कुणाला, हा खरा प्रश्न होता. त्यांची बायको इस्पितळात नर्स. दिवसभर उभी राहून ती सुजलेल्या पायांनी घरी येई आणि हे दारातच गाठत.

"अगं, त्या यानात माणसांना वजन कसं राहतं, सांग बरं?"

"आधी माझं वजन पलंगावर टेकू द्या, मग सांगते," ती म्हणे.

शेवटी मुलीनेच फोनवरून त्यांना एक ग्रुप शोधून दिला. विज्ञानाच्या, यंत्रांच्या आणि अशा मालिकांच्या गप्पा मारणाऱ्या रिकामटेकड्यांचा. हा शब्द माझा नाही, आमच्या नर्सबाईंचा. तिथे खरं नाव कुणीच सांगत नसे. आमचे कारागीर झाले 'दुर्बीण'.

काय काय वाद चालत तिथे! पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू येईल का? यंत्राला कधी भीती वाटेल का? फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो का? या शेवटच्या प्रश्नावर बाराशे माणसं आठवडाभर भांडली. मला मात्र कुणी विचारलं नाही.

या गर्दीत एक 'टाचणी' होते. सगळे त्यांना टाचणीराव म्हणत. शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. दुर्बिणीने काही लिहिलं की टाचणीराव कुठेतरी टोचायचेच, पण रक्त काढायचे नाहीत. "साहेब, तुमचं म्हणणं पटतंय, पण एक शंका आहे," अशी त्यांची सुरुवात. मग कारागीर काम बाजूला सारून उत्तर लिहायला बसत. गिऱ्हाईक पुढे ताटकळत उभं, आणि हे मागे बर्फात गोठवलेला माणूस शंभर वर्षांनी उठेल की नाही यावर टाचणीरावांशी झुंजताहेत. त्या वेळी त्यांच्या बोटांत मला जो उत्साह जाणवे, तो पुढे कधी जाणवला नाही.

एकदा काच घासताना कण उडून कारागिरांच्या डोळ्यात गेला. डोळ्यावर पट्टी आली, माझ्याकडे बघायचीही बंदी झाली. पट्टी सुटल्यावर त्यांनी मला उघडलं. ग्रुपवर डोंगराएवढ्या गप्पा साचल्या होत्या. हा माणूस कुठे गेला असा प्रश्न त्यात एकट्या टाचणीरावांनी विचारला होता. कारागिरांनी काय झालं ते लिहिलं. त्यावर उत्तर आलं, "साहेब, वाद कुठे पळून जात नाही. आधी डोळा सांभाळा."

कारागिरांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रिकामटेकड्यांत एक तरी शहाणा आहे."

इथवर बरं चाललं होतं. मग लोकांना दुर्बिणीचं लिहिणं आवडू लागलं. लोक टाळ्या देत, 'काय हाणलंय साहेब' म्हणत. टाळ्यांची चव वाईट. ती लागली की माणूस मुद्दा सोडून टोमणा शोधायला लागतो. मुद्द्याला दोन माणसं मान डोलावत आणि टोमण्याला दोनशे हसत, हे आमच्या कारागिरांच्या लक्षात आलं होतं.

मालिकेच्या एका भागात एक माणूस यानाबाहेर फेकला जातो आणि क्षणात बर्फाचा पुतळा होतो. टाचणीरावांनी लिहिलं, "हे मात्र बरोबर दाखवलंय. बाहेर एवढी थंडी, माणूस लगेच गोठणारच."

ही चूक होती. आजूबाजूला हवाच नाही, तर अंगातली ऊब इतक्या झटपट नेणार कोण? कारागिरांना हे ठाऊक होतं. दोन ओळींत नीट समजावता आलं असतं. त्यांनी तसं लिहिलंही. मग ते पुसलं. थोडा वेळ बोट माझ्यावर नुसतंच थांबलं, आणि मग त्यांनी लिहिलं, "टाचणीराव, घरी थर्मास आहे का? असल्यास त्याच्याकडे शिकवणी लावा. पोकळीत ऊब कशी टिकते, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

झालं! हशाचा नुसता पूर आला. कुणी थर्मासचं चित्र टाकलं, कुणी थर्मासला चष्मा लावून गुरुजी केलं. टाचणीरावांनी लगेच लिहिलं, "माझी चूक झाली, मान्य. नवीन कळलं, आभार." पण हसणाऱ्यांना कबुलीशी काय घेणं? त्या दिवसापासून त्यांचं नाव थर्मासराव पडलं. ते कशावरही बोलले की खाली थर्मासची रांग लागे. आमचे कारागीर सुरुवातीला हसले, मग हसले नाहीत, पण 'पुरे करा' असंही त्यांनी कधी लिहिलं नाही.

टाचणीराव आधी कमी बोलू लागले आणि मग बोलेनासे झाले.

ग्रुप चालूच होता, पण अळणी झाला. दुर्बिणीने काहीही लिहिलं की खाली 'अगदी बरोबर', 'सहमत', 'तुम्ही म्हणाल ते खरं'. कारागीर बोटाने वरखाली करत, काहीतरी शोधत, आणि मला पालथं ठेवून देत. एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "अगं, टाचणीराव गेले-बिले तर नसतील?"

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "गेले असतील तर कळेल, रागावले असतील तरी कळेल. पण इथे बसून कसं कळणार? जा की."

टाचणीराव बोलताबोलता कधीतरी सांगून गेले होते की त्यांचं दुकान शेजारच्या शहरात, मोठ्या पोस्टासमोर आहे. रविवारी कारागिरांनी मला पिशवीत घातलं आणि बस धरली. वाटेत त्यांनी मला अनेकदा बाहेर काढलं आणि काही न करता परत आत ठेवलं.

दुकान सापडलं. सुटे पट्टे, चाकं, तेलाचा वास. एक किडकिडीत माणूस यंत्राचं पोट उघडून बसला होता.

"काय आणलंय दुरुस्तीला?"

"काही नाही. मी... मी दुर्बीण."

त्या माणसाने हातातला पेचकस खाली ठेवला. फडक्याने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं. "या, बसा." मग त्याने विचारलं, "डोळा बरा आहे ना आता?"

कारागीर स्टुलावर बसले. मांडीवरच्या पिशवीत मी होतो.

"बरा आहे," ते म्हणाले. "तुम्ही लिहीत नाही हल्ली."

"नाही."

"त्या थर्मासमुळे?"

टाचणीराव किंचित हसले. "छे हो. चूक माझीच होती. त्यातून चार गोष्टी कळल्या."

"मग?"

"घरी मी सारखं तुमचंच सांगायचो. आज आमचे मित्र असं म्हणाले, दुर्बीणसाहेब तसं म्हणाले. जेवताना दुसरा विषय नाही. मुलगी शाळेत जाते माझी. एकदा तिने सगळं उघडून वाचलं. मग मला विचारलं, 'बाबा, हेच का तुमचे मित्र?'" त्यांनी यंत्राचं चाक हाताने उगाच फिरवलं. "आता तिला काय सांगायचं, साहेब? वादात हरायला मला कधी वाईट वाटलं नाही. पण पोरीसमोर..."

"मी सगळ्यांसमोर माफी मागतो," कारागीर म्हणाले. "तुम्ही परत या."

"तुम्ही एवढ्या लांब आलात, त्यातच माफी आली. पण परत यायला नका सांगू. आता त्यात मन नाही लागत."

तेवढ्यात एक बाई यंत्र घेऊन दारात आल्या. टाचणीराव उठले. "चहा घेऊन जा," म्हणाले. कारागीर म्हणाले, "बस चुकेल." बसला पुष्कळ वेळ होता.

परतताना त्यांनी माझ्यावर मोठी माफी लिहिली. पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शेवटी एवढंच ठेवलं: "थर्मासचा विषय मी काढला होता. तो टोमणा मारायला नको होता. टाचणीराव, चुकलो." ते पाठवून ते खिडकीबाहेर बघत बसले.

उत्तरं लगेच आली. हसरे चेहरे आले. 'साहेबांचं खातं कुणीतरी चोरलं वाटतं,' असं कुणी लिहिलं. आणि त्याखाली एक नवाकोरा थर्मास.

त्यानंतर त्यांनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. मालिकेचा शेवटचा भाग आला. ते जहाज पोचलं की नाही यावर लोक कडाकडा भांडले. आमच्या घरी तो भाग कुणी पाहिला नाही. बाई कधी स्वतःहून विचारत, "आज काय म्हणतंय तुमचं आकाश?" आणि ते म्हणत, "काही नाही गं, जेवून घेऊ."

पडून पडून माझी बॅटरी फुगली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, यात आता जीव घालण्यात अर्थ नाही. नवा घ्या." कारागिरांनी मान हलवली, पण नवा घेतला नाही.

सध्या मी दुकानाच्या खणात आहे. इथे माझ्यासोबत गिऱ्हाइकांनी बनवायला टाकून कधीच न नेलेले चष्मे आहेत. बाहेर काच घासल्याचा आवाज येतो. पूर्वी काम करताना ते एकटेच पुटपुटत, पुढच्या वादाचे मुद्दे जुळवत. आता पुटपुटणं ऐकू येत नाही. भंगारवाला येईल तेव्हा मी जाईन.

वाद घालू नका असं मी कसं सांगू? वादात इतका खुललेला माणूस मी माझ्या अंगावर अनुभवला आहे. खुशाल घाला. फक्त एवढं करा, तुमच्याशी रोज भांडायला येणारा एखादा असेल, तर त्याला जपा. कौतुक करणारे पुष्कळ मिळतील. तो एकदा उठून गेला की त्याच्या जागी कुणी येऊन बसत नाही.

येतो मी. आता काचेवर काही दिसेनासं झालं आहे.