नणंदेच्या हाताखाली

तिला सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणत. ती गाडी शिकवायची. तिच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक तिच्या. झिजायचा मात्र तिच्याच पायाखालचा. इतकी वर्षं हेच केल्यामुळे त्या उजव्या पायाला स्वतःची अक्कल फुटली होती. घरी टीव्हीवर एखादी गाडी वळणावर आली, की तो पाय जमिनीत रुतायचा. झोपेतही चैन नव्हती.

“अगं, मी झोपलोय, चालवत नाहीये,” नवरा पोटरी चोळत म्हणायचा. तो बिचारा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळं आयुष्य सरळ वर आणि सरळ खाली. वळण म्हणून नाही.

शेवटी मान धरली. डॉक्टरांनी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली आणि विचारलं, “दिवसभरात असं काही करता का, ज्यात कोणी मरण्याची शक्यता नसते?”

ब्रेकबाईने बराच विचार केला. काही आठवेना.

“मग असं काहीतरी शोधा,” डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

बटणं, लेस, सुईदोरा विकणारं एक दुकान तिच्या रोजच्या रस्त्यावर होतं. त्याच्यासमोरच्या सिग्नलला शिकाऊ मंडळी हमखास गाडी बंद पाडत, त्यामुळे काचेमागे टांगलेली गोधडी तिने कितीतरी वेळा पाहिली होती. निळ्या रंगाचे तुकडे, त्यात मध्येच एक शेंदरी, जणू कोणाचीतरी चूक, पण नजर तिथेच जायची. खाली पाटी होती : गोधडीचा वर्ग, गुरुवारी संध्याकाळी, मागच्या खोलीत. एकदा असेच मागच्या गाड्या हॉर्न बडवत होत्या, शिकणारा पोरगा घामाघूम झाला होता, आणि ब्रेकबाईच्या मनात आलं, जाऊन तर बघू. चिंध्या जोडताना कोण मरतंय!

गुरुवारी ती गेली. खोलीत एक लांब टेबल, दोन विजेवरची मशिनं, इस्त्री, आणि चिंध्यांनी भरलेली मोठी पेटी. दुकानदारीणबाईंनी तोंडभर हसून स्वागत केलं. “या, या! माझ्या घरी दोन कुत्री आणि एक नवरा. तिघंही घोरतात. म्हणून मी हा वर्ग काढला. आणि हे आमचे पोस्टमन.”

पोस्टमन भला उंच माणूस होता. सुईत दोरा ओवताना त्याची जीभ दातांतून बाहेर आली होती. “दिवसभर मी वाटत फिरतो,” तो म्हणाला. “संध्याकाळी हात रिकामे. इथे जरा जमवतो.”

“आणि ह्या आमच्या सगळ्यांत हुशार. नवीन माणसाला ह्याच शिकवतात,” दुकानदारीणबाई म्हणाल्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी मान वर केली.

ब्रेकबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. ती तिची नणंद होती.

आता हे सांगायलाच हवं, की या नणंद-भावजयींमध्ये चार वर्षं बोलणं नव्हतं. नणंद नवऱ्याची थोरली बहीण. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची, स्वभावाने मऊ, पण एकदा दुखावली की संपलं. पन्नाशीच्या तोंडावर तिने गाडी शिकायचं मनावर घेतलं, आणि घरातच मास्तरीण असताना बाहेर कशाला जायचं? तिथेच माशी शिंकली. नणंदेला उजवीकडे वळायचं असलं की ती डावीकडे बघायची. एका भर चौकात तिने पुढच्या गिअरऐवजी मागचा टाकला. मागच्या सीटवर आणखी दोघं शिकणारे बसले होते. ब्रेकबाईचा पाय ब्रेकवर गेला आणि तोंडाचा ब्रेक सुटला.

“ताई, तुम्ही गाडीत बसण्यापेक्षा गाडीखाली बसलात तर कमी नुकसान होईल!”

मागचे दोघं हसले. नणंदेने शांतपणे किल्ली फिरवून गाडी बंद केली, पर्स उचलली, आणि भर चौकात दार उघडून चालती झाली. तेव्हापासून नवरा दोघींमध्ये सिग्नलसारखा उभा होता. ‘ताईंना सांगा’ आणि ‘तिला सांग’ ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

तर अशी ही नणंद समोर. ब्रेकबाईने दाराकडे पाहिलं. पण पळून जायचं म्हणजे हार मानणं, आणि ते तिच्या रक्तात नव्हतं. नणंदही उठली नाही. तिने शेजारची खुर्ची पायाने थोडी सरकवली. बस म्हणाली नाही, पण खुर्ची सरकवली.

पहिला धडा मशिनचा. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे, टाचण्या लावायच्या, सुईखाली धरायचे आणि पायाखालचं पॅडल हळूच दाबायचं. ब्रेकबाईने दाबलं. कापड सुरुसुरु पुढे निघालं. छान चाललं होतं, तोच कड जरा तिरकी झाली. ती घाबरली, आणि घाबरल्यावर तिचा पाय जे करतो तेच त्याने केलं. थांबवण्यासाठी सगळा जीव खाऊन पॅडल दाबलं.

मशिन उधळलं. कापड, टाचण्या, टेबलावरचा रुमाल, सगळं गिळत सुटलं. “थांबत का नाही हे!” ती ओरडली आणि आणखी जोरात दाबलं. पोस्टमनने चष्मा सांभाळला. दुकानदारीणबाईंनी कात्री उचलून घेतली, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नणंद उठली आणि तिने भिंतीतला प्लग काढला.

मशिन थांबलं. ब्रेकबाईच्या बाहीचं टोक त्या तुकड्यांना पक्कं शिवलं गेलं होतं.

“पाय उचल,” नणंद म्हणाली. चार वर्षांतले पहिले दोन शब्द.

पुढचे काही गुरुवार नणंदेने तिला मशिनजवळ फिरकू दिलं नाही. हातशिलाई. धावदोरा घालायचा, टाके एकसारखे, ओळ सरळ. बोलणं कामापुरतंच. “सैल धर.” “हो.” “दोरा ओढू नकोस, येऊ दे.” “बरं.” ब्रेकबाईला वाटलं होतं कंटाळा येईल, पण झालं उलटंच. सुई आपल्या हातात, वेग आपल्या हातात. दिवसभर दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगकडे बघत जीव मुठीत धरून बसायचं, आणि इथे सगळं आपलं. ओळ वाकडी गेली तर ती फक्त वाकडी जायची. कोणी भिंतीवर आदळत नव्हतं. एका गुरुवारी घरी जाताना तिने मान वळवून मागून येणारी बस पाहिली, आणि मान दुखली नाही हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

मग तिला पुन्हा मशिन मिळालं. जोडे काढून, अनवाणी. आपल्या गोधडीचा एक अख्खा पट्टा तिने स्वतः शिवला आणि अभिमानाने टेबलावर पसरला. पोस्टमनने पाहिलं आणि घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागला. पट्टा बाकीच्या गोधडीला उलटा जोडला होता. बाकीचे तुकडे सुलट, आणि पट्ट्याच्या सगळ्या शिवणी वर.

ब्रेकबाईने खांदे आक्रसले, मान आत ओढली आणि आता काय ऐकावं लागतंय त्याची वाट बघत बसली. तेवढ्यात तिला ते आक्रसलेले खांदे ओळखीचे वाटले. रोज बघायची ती. गाडी बंद पडली की शेजारच्या सीटवर अगदी असेच खांदे असायचे.

नणंदेने टाके उसवायची छोटी कात्री तिच्यापुढे ठेवली. “उसव.”

“एवढंच?”

“मग आणखी काय?”

“बोला ना काहीतरी. मी बोलले होते तसं.”

नणंदेने सुई कापडात खोचली. “चार वर्षं मी वाक्यं जुळवतेय गं,” ती म्हणाली. “आंघोळ करताना, बसमध्ये, डॉक्टर दाढ उपटत असताना. एकही धड जमलं नाही. तुझ्यासारखं जमतच नाही मला.”

आधी दुकानदारीणबाई फिसकन हसल्या, पोस्टमन हसला, आणि शेवटी नणंदही. ब्रेकबाई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

“चुकलंच माझं, ताई. मागे पोरं बसली होती, त्यांच्यासमोर तर अजिबातच...”

“चुकलंच,” नणंद म्हणाली. ती उगाच ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्यांतली नव्हती. “तुला माहितीये, त्या दिवशी मी चौकातून निघाले ती सरळ इथे आले. घरी जायला तोंड नव्हतं. बटणं घ्यायचा बहाणा केला. ह्या दुकानदारीणबाईंनी मागच्या खोलीत चहा दिला. मला फक्त अशा जागी बसायचं होतं, जिथे मागून कोणी हॉर्न वाजवत नाही. बसले ती बसलेच.”

“म्हणजे तुमची ही सगळी कला माझ्यामुळे...”

“आता श्रेय घेऊ नकोस.”

दोघी मिळून उसवायला बसल्या. एकीने कापड ताणून धरायचं, दुसरीने टाके तोडायचे. आणि तिथेच ठरलं, की ही गोधडी दोघींनी मिळून पुरी करायची. पुन्हा गाडी शिकवते असं ब्रेकबाई म्हणाली, तेव्हा नणंदेने हात जोडले. “नको गं बाई. बस दारात थांबते माझ्या. मला गाडी चालवता यायला हवी होती, पण गाडी नको होती.”

त्यानंतर शिकणाऱ्यांमध्ये एक कुजबूज सुरू झाली, की ब्रेकबाई आजारी असाव्यात. ओरडत नाहीत. एका मुलीने सिग्नलला सलग तीनदा गाडी बंद पाडली आणि डोळे मिटून घेतले. ब्रेकबाई शांतपणे म्हणाली, “काही नाही, उसवू या.” मुलीने घाबरून डोळे उघडले. मग ब्रेकबाईने दुरुस्ती केली, “म्हणजे किल्ली फिरव. पुन्हा सुरू कर.”

पुढच्या रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. नवऱ्याने उचलला.

“तिला दे फोन,” बहीण म्हणाली.

“कोणाला?”

“तुझ्या बायकोला! किती बायका आहेत तुला?”

त्याला वाटलं, कोणाचंतरी काही बरंवाईट झालं. त्याने भीत भीत फोन पुढे केला आणि तिथेच उभा राहिला.

“नाही, ताई, हळदी रंग मुळीच नाही,” बायको सांगत होती. “हळदी किनार लावली तर गोधडी कावीळ झाल्यासारखी दिसेल. लालच! ... का? लालने काय घोडं मारलंय? ... तुमच्या दवाखान्यात रक्त बघता म्हणून सगळ्या लालचा राग का? ... तुम्ही शिकवलंत हे मान्य, पण डोळे माझे आहेत!”

भांडण चांगलं रंगलं. नवरा स्वयंपाकघरात गेला, चहाचं आधण ठेवलं, आणि शीळ घालू लागला. चहा झाला, थंडही झाला, तरी फोन चालूच. शेवटी तिने फोन ठेवला तेव्हा गाल लाल झाले होते आणि चेहरा उजळला होता.

“काय ठरलं?” त्याने विचारलं.

“काहीच नाही. गुरुवारी पुढचं,” ती म्हणाली, आणि थंड चहा एका घोटात पिऊन लाल कापड शोधायला कपाटात शिरली.