नवं ऑइल दिसत नाही

मी ऑइलची पट्टी बोलतेय. एका छोट्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात माझा मुक्काम. डोक्यावर पिवळी कडी, पायाशी दोन खुणा. ऑइल खालच्या खुणेखाली गेलं की कमी, वरच्या खुणेपुढे गेलं की जास्त. मला खोटं बोलता येत नाही. पण माझं खरं वाचायला डोळे लागतात, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

आमचे मालक आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले. गेली बारा वर्षं गाडीचं सर्व्हिसिंगही घरासमोर स्वतःच करतात. इंजिन पाच मिनिटं गरम करायचं, गाडी जॅकने उचलून खाली ठोकळे लावायचे, जुनं पातेलं सरकवायचं आणि इंजिनाच्या तळाचा बोल्ट सोडायचा. काळं ऑइल निथळेपर्यंत घाई करायची नाही. मग बोल्टला नवा वायसर, आणि नवा फिल्टर हातानेच आवळायचा. मालकीणबाई शेजारी बॅटरीचा उजेड दाखवत उभ्या. "अगं, बोल्टवर धर, माझ्या तोंडावर काय पाडतेस!" हेही बारा वर्षं ऐकतेय.

मागच्या खेपेला मात्र गडबड झाली. जुनं ऑइल काळं, माझ्यावर लगेच दिसतं. नवं इतकं स्वच्छ, की असून नसल्यासारखं. मालकांना ते दिसेना, म्हणून ते ओतत राहिले. गाडी धूर ओकायला लागली आणि लेकीने बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर गाडी सरळ गॅरेजला. तुम्ही हात लावायचा नाही." मालक दोन दिवस धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

या रविवारी पुन्हा सर्व्हिसिंग निघालं. जुनं ऑइल काढून झाल्यावर मालकांनी गाडी जॅकवरून खाली उतरवून नवं ओतलं, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं, थोडे थांबले. मग मला बाहेर ओढून जुन्या बनियनला पुसलं, पुन्हा बुडवलं आणि उन्हात धरलं. नाकाजवळ आणलं, लांब नेलं, चष्मा कपाळावर चढवला. ऑइल वरच्या खुणेला टेकलं होतं. पण मी ओरडून सांगणार कशी?

"कोरडीच दिसतेय," म्हणत त्यांनी ऑइलचा डबा उचलला.

"अहो, थांबा!" मालकीणबाईंनी मला काढून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आडवं दाबलं. "तळणाचं तेल कागदावर दिसतं, मग हे का नाही दिसणार? बघा आता."

कागदावर डाग उमटला, चांगला ठसठशीत, थेट वरच्या खुणेपर्यंत. मालकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि डबा खाली ठेवला.

"तुला गं कधीपासून कळायला लागलं यातलं?"

"बारा वर्षं बॅटरी धरतेय. डोळे मिटून धरत होते का?"

मालक इतके हसले, की त्यांच्या धक्क्याने मी पडता पडता वाचले.

संध्याकाळी लेक आली. गाडी एक चक्कर फिरवून आणली, खाली वाकून सायलेन्सर बघितला. धुराचा पत्ता नव्हता. "छान झालंय की! कुणी केलं?"

एरवी मालक छाती काढून "मी!" म्हणायचे. या वेळी म्हणाले, "दोघांनी."

आता मी माझ्या जागी आहे, पाय नव्या ऑइलमध्ये सोडून, अगदी मजेत. तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल. तिला पुसा, बुडवा, निवांत बघा. आणि नाहीच दिसलं, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारायला लाजू नका.

पुढच्या खेपेला बॅटरी कुणी धरायची, यावरून आमच्या घरात आतापासूनच वाजलंय.