रूळ उचलल्यावर

"पाटीले जागा नही, भिकुबाई. बठ्ठी गाडी भरेल शे," नवल स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाला.

भरताच्या वांग्यांची पाटी एका बाजूने लोटनआबांनी आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या बायकोने, भिकुबाईने धरली होती. जीपची मागची अख्खी सीट मोकळी होती. ती पुढच्या गावच्या माणसांसाठी राखलेली. पाटीच्या जागेवर दोन माणसं बसतात, हा हिशेब नवलला पक्का ठाऊक होता.

"दुप्पट भाडं ले, भो," भिकुबाई म्हणाली.

"उद्या दखूत."

"उद्या बाजार ऱ्हास का रे?"

जीप निघून गेली. तालुक्याच्या सोमवारच्या बाजारात चिंचेखालची जागा बावीस वर्षं भिकुबाईची होती. मागचे दोन सोमवार नवलपायी हुकले, आज तिसरा. बाजाराच्या ठेकेदाराचा नियम सरळ होता: तिसऱ्या सोमवारी आठच्या आत जागेवर नसाल, तर जागा दुसऱ्याची. एसटी यायची साडेदहाला. भिकुबाई नवऱ्याला दोन शब्द बोलली असती तर आबांना बरं वाटलं असतं.

कारण हे सगळं आबांनीच ओढवून घेतलं होतं. एकतीस वर्षं ते छोट्या गाडीच्या लाइनीवर चावीवाले होते. खांद्यावर हातोडा घेऊन रोज तालुक्यापर्यंत सात किलोमीटर जायचं, सात यायचं, आणि रुळांच्या ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या. सहा वर्षांपूर्वी गाडी बंद पडली, पण रूळ जागेवर होते. निवडणूक आली की गाडी पुन्हा सुरू होणार अशी आवई उठायची, कोणीतरी टेप घेऊन मापं घेऊन जायचं, आणि नवलचं भाडं आपोआप खाली बसायचं. हाच नवल तेव्हा "अक्का, पाटी माले द्या," म्हणत खाली उतरायचा. न धावणारी गाडीसुद्धा भाडं ताब्यात ठेवते, हे गावात एकट्या भिकुबाईला कळलं होतं.

मग रूळ काढून तिथे चालायला आणि सायकलींना वाट करायचा बेत पुढे आला. ग्रामसभेत हेमांगी मॅडम आल्या. इंजिनिअर बाई, बोलायला गोड. त्यांनी आबांना खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना लाइनीबद्दल विचारत होतं. विचारल्यावर माणूस फुलतोच.

"चालाले अशी वाट जिल्हामा नही," आबा म्हणाले. "एकतीस वरीस चालनू, कधी ठेच लागनी नही."

टाळ्या पडल्या. हात वर झाले. तेवढ्यात मागून भिकुबाई उठली.

"गाडी नही उनी तरी चाली. पन रूळ ऱ्हाऊ द्या. रूळ शेत म्हनीसन नवल नीट वागस."

नुसते रूळ आहेत म्हणून जीपवाला नीट वागतो, हे ऐकून सभा खो खो हसली. आबाही हसले. आता त्या हसण्याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटून उपयोग काय, रूळ तर भंगारात गेले होते.

"चाल, पायी जाऊत," आबांनी पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"तुमना गुडघा?"

"ऱ्हाऊ दे गुडघाले."

वाट खरंच झकास होती. लाल मुरूम, दोन्हीकडे कडुनिंबाची रोपं, बसायला बाकं. आबांचे पाय मात्र जुन्या सवयीने रुळांखालच्या स्लीपरच्या अंतरावर पडत होते आणि दर वेळी चुकत होते. तालुका जवळ आला तसे बूट घातलेले लोक भेटू लागले. एकाने थांबून फोटो काढला.

"आबा, या वयात असा व्यायाम! मानलं तुम्हाला."

भिकुबाईने पदर तोंडाला लावला. ती हसली की काय, आबांना कळलं नाही. पुढच्या बाकांवर दोनदा टेकावं लागलं. गुडघा सुजून आला होता.

बाजारात पोचायला आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली. चिंचेखाली ज्योती नावाची तरुण बाई ताडपत्री अंथरून बसली होती. तालुक्यातच राहणारी, तिला कसली जीप न् कसलं काय. समोरचा माल संपत आला होता. भिकुबाईला पाहून ती अवघडली.

"मावशी, मला ठेकेदारानेच बसवलं हो."

"तुन्हा काय दोष, माय?" भिकुबाई खाली बसली, पण ताडपत्रीच्या बाहेर. "वांगी लेस का? बठ्ठीच ले."

ज्योतीने भाव सांगितला. पडेल भाव होता. भिकुबाईने होकारार्थी मान हलवली. ज्योती पाटी पालथी करायला लागली, तसा भिकुबाईने तिचा हात धरला.

"अशी वतू नको, डाग पडतस."

तिने एकेक वांगं उचललं, पदराने पुसलं, देठ मागे आणि गोल बाजू गिऱ्हाइकाकडे करून ओळीने मांडलं. फिकट हिरवी, तुकतुकीत वांगी. दोन गिऱ्हाइकं तिथेच थांबली. एकीने सवयीने भिकुबाईलाच भाव विचारला. भिकुबाईने ज्योतीकडे बोट केलं.

आबा चिंचेच्या बुंध्याला धरून उभे होते. "मन्ही चूक व्हयनी," ते म्हणाले. एवढं बोलायला त्यांना सात किलोमीटर लागले होते.

शेवटचं वांगं पुसून भिकुबाईने ओळीत ठेवलं, जरा तिरकं वाटलं म्हणून सरळ केलं, आणि गिऱ्हाइकांना वाट व्हावी म्हणून उठून बाजूला झाली.