सापडला नाय

"सुई परत पडली," पंखावरून खाली उतरतानाच अक्षया म्हणाली. हेडफोन अजून तिच्या गळ्यातच होता. "जयगडच्या खाडीवरून वर चढायला लागले आणि इंधनाचा दाब सरळ खाली. इलेक्ट्रिक पंप चालू केला, की लगेच जागेवर. बंद केला, की थोडा वेळ बरा, परत खाली. मग मी मागे फिरले."

गंगारामने विमानाच्या नाकावर तळहात ठेवला. पत्रा चांगलाच तापला होता.

"जागेवर चालवून बगतो, मॅडम."

जमिनीवर इंजिन चालवलं, तर सुई तसूभरही हलली नाही. कधीच हलत नसे.

किनाऱ्याचे हवाई फोटो काढणाऱ्या एका खासगी कंपनीची रत्नागिरीच्या धावपट्टीलगत छोटी शेड होती. विमान एकच, चार आसनांचं. ते चालवायची अक्षया, संगमेश्वरची मुलगी, आणि सांभाळायचा गंगाराम. तो मूळचा गुहागरचा. मुंबईच्या हँगरमध्ये हेल्पर म्हणून लागला, चाळिशीत परीक्षा देऊन इंजिनियरचं लायसन्स मिळवलं आणि संधी मिळताच गावाजवळ परतला. हाताला चोख, तोंडाला कमी. साहेब आणि वैमानिक यांच्यामध्ये आपण पडू नये, एवढं त्याने मुंबईत पक्कं शिकून घेतलं होतं.

त्याने गाळणी धुतली. दाब मोजणारा सेन्सर बदलला. इंजिनवरचा पंप उतरवून तपासला, टाकीत हवा जाणारी नळी फुंकून पाहिली. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच असणार. प्रत्येक वेळी अक्षया अर्ध्या कामातून परत यायची आणि शेडच्या दारात उभे असलेले निलेश सर घड्याळाकडे बघायचे. ते तिथले मॅनेजर.

"हिच्याच हातात कशी पडते हो सुई?" एकदा त्यांनी गंगारामला बाजूला घेऊन विचारलं. "घाबरते की काय?"

"तसं नाय वाटत, सर."

"वाटत नाही म्हणजे?"

गंगाराम हातातल्या पान्याचं तेल पुसू लागला.

मग विमान उडवून बघायला मुंबईहून एक कॅप्टन आला. उमदा, मोठ्याने हसणारा, केस पिकलेले. गंगाराम त्याच्या शेजारच्या सीटवर बसला. विमान सुटलं, भाट्याचा पूल खाली सरकला, माडांचे शेंडे बारीक झाले. उड्डाणाच्या वेळी इलेक्ट्रिक पंप चालू ठेवायचा आणि पुरेशी उंची गाठली की बंद करायचा, अशी रीत; मग इंजिनवरचा पंप एकटा पुरतो. कॅप्टनने तो बंद केलाच नाही. जयगडपर्यंत जाऊन आले, तरी पंपाचा लाल स्विच वरच, म्हणजे चालूच होता. गंगारामने तो पाहिला. बोलावं असं वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला स्विच दाखवायचा कसा? उतरल्यावर विचारू, असं त्याने मनाशी म्हटलं.

उतरल्यावर कॅप्टनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मस्त विमान आहे. काही झालेलं नाही याला."

शेडमध्ये चहा आला. अक्षया खांबाला टेकून उभी होती. निलेश सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गंगाराम, तुम्ही सांगा. विमानात काही दोष आहे?"

अक्षयाने त्याच्याकडे पाहिलं.

"मला काय सापडला नाय, सर," तो म्हणाला.

शब्द खोटा नव्हता. पण सर ज्या अर्थाने ऐकणार होते, तो अर्थ त्याला कळत होता. अक्षया आणखी क्षणभर थांबली, जणू तो पुढे काही बोलेल. मग तिने कप न उचलताच बॅग उचलली. महिन्याअखेर तिने राजीनामा दिला. तो कोणी मागितला नव्हता, असं निलेश सर नंतर सांगत.

त्यानंतर कॅप्टनच मुंबईहून ये-जा करून विमान चालवू लागला. पुढच्या एप्रिलमध्ये, कातळ नुसता भाजून निघत असताना, सतत चालू ठेवून ठेवून तो इलेक्ट्रिक पंप जळाला. चढता चढता सुई पडली, इंजिन आचके देऊ लागलं आणि कॅप्टनने कसंबसं विमान धावपट्टीवर आणून टेकवलं. खाली उतरला तेव्हा त्याला सिगरेट पेटवता येत नव्हती. तुम्ही घाबरलात का, असं त्याला कोणी विचारलं नाही.

"सगळं उघडा," निलेश सर म्हणाले. "काय वाटेल ते करा."

गंगारामने दोन पंपांमधली रबरी नळी काढली. बाहेरून ती नव्यासारखी होती. त्याने ती उभी चिरली. आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. रबर तापलं आणि इंजिनवरच्या पंपाने जोरात ओढ घेतली, की ती जीभ वाट अडवायची. मागून इलेक्ट्रिक पंपाने रेटा दिला, की बाजूला व्हायची. अक्षयाने हेच तर सांगितलं होतं, दर वेळी, त्याच शब्दांत. नळी तो पहिल्याच आठवड्यात चिरू शकला असता. तो तिथेच पंखाच्या सावलीत खाली बसला.

रविवारी तो जयगडला गेला. अक्षया आता तिथे एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात बोटींच्या वेळा लावत असे. ती बाहेर पायरीवर आली आणि त्याने सगळं सांगितलं. नळीचं, जळलेल्या पंपाचं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कॅप्टन उडाले, त्या दिवशी पंप चालू होता?"

"होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"पायलं मॅडम. बोललो नाय."

समोर खाडीत एक मालवाहू बार्ज हळूहळू वळत होती. ती वळून सरळ होईपर्यंत अक्षया तिच्याकडे बघत राहिली.

"मला खरंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की मला भास होतात. घरची कार चालवतानासुद्धा पेट्रोलच्या काट्याकडे बघायचे."

"मी सरांना सांगतो. मुंबईला, सगळ्यांना सांगतो. तुमी परत..."

"जरूर सांगा. पण लायसन्स चालू ठेवायला लागणारे उड्डाणाचे तास हुकले माझे, गंगारामकाका. परत सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि आता ते जमेलसं वाटत नाही." पूर्वी ती त्याला नुसतं गंगाराम म्हणायची. "ऊन आहे. पाणी आणू?"

"नको."

ती आत गेली. तो चपला सारख्या करत पायरीवर थांबला. दार लोटलेलं नव्हतं.

"कोण गं?" आतून कुणीतरी विचारलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आमच्या विमानाचे इंजिनियर," अक्षया म्हणाली.