दोन खळ्यांचा तुकडा

तुम्ही खोटं बोललात, साहेब. तेही माझ्या नवऱ्याचं आधी तोंडभर कौतुक करून.

"माणूस चांगला होता हो," खुर्ची अर्धी खिडकीकडे वळवून तुम्ही म्हणालात. "पण होतं असं कधी कधी. संसार झेपत नाही. त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर त्याने गेटवर कार्ड लावलं आणि बाहेर पडला. पुढचं आम्हाला कसं कळणार?"

"त्याच्या चपला लॉकरमध्येच आहेत," मी म्हणाले.

"पळणारा माणूस चपला शोधत बसतो होय?" तुमच्या बाजूला उभा असलेला सुपरवायझर म्हणाला. तुम्ही हसला नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाहीत.

त्या दिवशी मी उठून घरी आले. डोकं चालत नव्हतं. पोलीस चौकीत गेले, तर तिथेही तुमचंच वाक्य ऐकायला मिळालं, फक्त खुर्ची वेगळी. आता डोकं चालतंय. म्हणून पहिल्यापासून सांगते, आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचं.

ज्याला तुम्ही पळपुटा म्हणता, त्याने तुमच्या चिकनच्या कारखान्यात उभी जवानी घातली. अंगठाही घातला. नवीन होता तेव्हा उजव्या अंगठ्याचा शेंडा कटरमध्ये गेला. तेव्हापासून अख्खी लाइन त्याला 'पावणेदहा' म्हणायची. कुणी वेळ विचारली की दुसरा कुणीतरी ओरडायचा, "ह्याच्याकडे बघ, कायम पावणेदहाच!" आणि सगळ्यांच्या आधी हाच हसायचा. हसायचा म्हणून दुखत नव्हतं असं नाही. थंडी पडली की तो तुटका शेंडा ठणकायचा. मग तो अंगठा सरळ न टेकवता कडेने टेकवायचा. हे लक्षात ठेवा.

त्याचं काम काय, हे तुम्हाला सांगायची वेळ यावी यातच सगळं आलं. तुकड्यांना मैदा, अंडं आणि पावाचा चुरा यंत्र लावतं. पण जाड टोकाला चुरा नीट धरत नाही, माल गोठवला की पापुद्रा सुटतो. म्हणून बेल्टच्या शेवटी माणसं उभी करून ते टोक हाताने दाबून घ्यायचं. माझ्या नवऱ्याने दाबलेला तुकडा कधी सोलला नाही. फक्त त्याच्या बुटक्या अंगठ्याची खळी त्यावर राहायची. गोल, उथळ, एका बाजूला जराशी कापल्यासारखी.

वर्षभरात एकही खाडा नाही, म्हणून तुम्ही त्याला स्टेजवर बोलावलंत आणि बक्षीस म्हणून एअर फ्रायर दिलात. टाळ्या वाजवल्यात. घरी आणला तेव्हा सासूबाई खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "ह्यात तेल कुठं ओतायचं?"

"तेल नाही लागत आई. वाऱ्यावर तळतं हे."

"वाऱ्यावर? म्हणजे कंपनीने तुला वाराच दिला म्हण की!"

तो इतका हसला की खोकं खाली ठेवावं लागलं.

मी तेव्हा कपड्यांच्या दुकानात होते, यायला उशीर व्हायचा. एअर फ्रायर आला आणि कामाच्या दिवसांचा रात्रीचा स्वयंपाक त्याने आपल्याकडे घेऊन टाकला. मी दार उघडायची तेव्हा ओट्यावर तीन ताटल्या मांडलेल्या असायच्या: मैदा, फेटलेलं अंडं, पावाचा चुरा. चिकनचे पातळ काप फडक्याने कोरडे टिपून घ्यायचा. एक हात ओल्यासाठी, एक कोरड्यासाठी. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही, नाहीतर बोटांवरच भजी होतात म्हणायचा. चुऱ्यात घोळवला की जाड टोक अंगठ्याने दाबायचं, तुकडे थोडा वेळ तसेच बसू द्यायचे, म्हणजे चुरा अंग धरतो. तोवर मशीन तापवायचं. वरून ब्रशने तेलाचा नुसता हात फिरवायचा. जाळीवर तुकडे एकमेकांना चिकटू द्यायचा नाही.

"लांब लांब झोपवायचे," आमच्या पोरीला सांगायचा. "अंगाला अंग लागलं की घाम येतो, मग कुरकुरीत होत नाहीत. तू झोपतेस ना आजीच्या अंगावर पाय टाकून, तशी नाही."

"मग मी मऊ राहते का?"

"तू कच्चीच आहेस अजून."

मधे एकदा उलटायचे. टिंग वाजलं की पोर ताटली घेऊन हजर.

"दिवसभर तेच करता आणि घरी येऊन पुन्हा तेच," मी एकदा म्हटलं. "कंटाळा नाही येत का हो?"

"तिथले तुकडे कुठं जातात, कोण खातं, काही कळत नाही," तो म्हणाला. "इथं समोर बसून खातात."

पोर तिखट खात नाही. जिभेला नुसतं लागलं तरी डोळ्यांतून पाणी. म्हणून तिचा तुकडा तो आधी साध्या चुऱ्यात घोळवायचा, आणि मग आमच्यासाठी चुऱ्यात लाल तिखट आणि मिरी घालायचा. पण भाजून निघाल्यावर सगळे तुकडे एकाच रंगाचे. ओळखायचे कसे? तर तिच्या तुकड्यावर तो अंगठा दोनदा टेकवायचा. मोठ्यांना एक खळी, पोरीला दोन. ती दोन्ही खळ्यांत सॉस भरायची आणि म्हणायची, "दोन्ही टाक्या फुल्ल!" हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

मग एका संध्याकाळी मी आले, तर ओटा रिकामा. तो खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेला.

"काय झालं?"

"आज मला मोजा घातला त्यांनी. हातात. सगळा तारांचा. वर कॅमेरे. म्हणाले, नेहमी दाबतोस तसं दाब."

"कशाला?"

"हात शिकायचाय म्हणे त्यांना. यंत्राला द्यायला."

"आणि शिकून झाल्यावर तुमचं काय?"

"विचारलं ना मी." तो स्वतःच्या पंज्याकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "साहेब म्हणाले, घाबरू नकोस. तू इथेच राहशील."

तो मोजा बरेच दिवस चालला. मग एके दिवशी नवरा कामावर गेला आणि आलाच नाही. डबा आला नाही, चपला आल्या नाहीत. तुमचं कार्ड तेवढं बाहेर आलं.

पुढे तुम्ही मला पॅकिंगमध्ये घेतलंत. उपकार म्हणून. मीही आले, पोटासाठी आले आणि बघण्यासाठी आले. जिथे दाबणारी माणसं उभी राहायची तिथे आता पांढरी केबिन होती. खिडकी नाही. दाराला नंबरांचं कुलूप. एका बाजूने बेल्ट आत जातो, दुसऱ्या बाजूने रबराच्या पट्ट्यांच्या पडद्यातून बाहेर येतो. दाबणाऱ्या सगळ्यांना घरी बसवलेलं.

पहिल्या दिवशी पट्ट्या हलल्या, पहिला तुकडा माझ्यापुढे आला आणि माझे हात तिथेच राहिले. जाड टोकाला खळी. गोल, उथळ, एका बाजूला कापल्यासारखी. त्याच्या मागच्यावर तीच. त्याच्या मागच्यावर तीच.

"ए बाई, झोपलीस काय? ढकल पुढं!" शेजारी उभी असलेली म्हातारी पॅकिंगवाली ओरडली. तिला सगळे मावशी म्हणतात.

"मावशी, ही खळी बघा."

"यंत्राची आहे ती. सगळ्यांवर असते."

"ही पावणेदहाची आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाकीट बंद केलं, दुसरं उचललं. मग ओठ न हलवता म्हणाली, "तुला एकटीलाच डोळे आहेत का? सगळी लाइन बघते. बोलत कुणी नाही."

सुपरवायझरला मी तोंडावर विचारलं. "आत कोण आहे?"

"यंत्र."

"दाखवा."

"धूळ जाते."

"दुरुस्तीला कुणी आत जाताना दिसत नाही ते?"

"बिघडतच नाही ना ते! सुट्टी नको, डबा नको, मुतायला जायला नको. पावणेदहापेक्षा बरं!"

आणि हसला. माझ्यासमोर.

मी बघत राहिले. सकाळच्या खळ्या ठसठशीत असायच्या. दुपार कलली की उथळ व्हायच्या, आणि शिफ्टच्या शेवटाला तर नुसता स्पर्श उरायचा, हात उचलवत नसलेल्या माणसाने टेकवावा तसा. सुट्टीनंतर पुन्हा ठसठशीत. मी मनाला म्हटलं, असेल, यंत्रालाही काही चढउतार असतील. मग थंडी पडली. हॉलमध्ये तोंडातून वाफ निघायला लागली. आणि बेल्टवरच्या सगळ्या खळ्या कलल्या. अंगठा सरळ नाही, कडेने.

मावशीने ते माझ्याआधी पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "दुखतोय वाटतं."

घरी निराळीच तऱ्हा. आता तुकडे मी घोळवत होते. एक हात ओला, एक कोरडा, सगळं त्याच्यासारखं. पोरीच्या तुकड्यावर दोनदा अंगठा दाबायची. पण माझा अंगठा पुरा आहे. लांबट, नखाच्या रेघेची खळी पडते. पोर तुकडा उलटून पालटून बघायची आणि ताटली सरकवायची.

"खा ना गं. साधाच आहे, तिखट नाही."

"हा माझा नाहीये."

सासूबाईंनी समजावलं, मी रागावले, एकदा हातही उचलला. पोर नुसता उकडलेला बटाटा खाऊन उठायची. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. बाप गेला तो गेला, आता ही डोळ्यांदेखत वाळत चालली होती. दुसऱ्या दिवशी कामावर उभी असताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. सुपरवायझर लांब गेला, तशी मी वाकले, त्या रबरी पट्ट्यांना तोंड लावलं. आतून थंड वाफ येत होती, आणि वाफेला ओल्या मैद्याचा वास होता.

"अहो," मी म्हटलं. "पोर जेवत नाहीये."

बेल्ट थांबला.

अख्खा हॉल गप्प झाला. इतके दिवस त्या घरघरीत उभं राहून ती ऐकू येईनाशी झाली होती, ती बंद पडल्यावर ऐकू आली. पट्ट्या आतल्या बाजूने हलल्या, पडद्यामागे कुणी आत बाहेर करावं तशा, आणि स्थिर झाल्या. मग बेल्ट एक झटका देऊन सुरू झाला.

पहिला तुकडा बाहेर आला. त्यावर दोन खळ्या होत्या. शेजारी शेजारी. दोन्ही कडेने टेकवलेल्या.

मागच्या तुकड्यावर एक. त्याच्या मागे एक. पुढे सगळ्यांवर एकच.

तो तुकडा मी एप्रनच्या खिशात घातला. हो, चोरला. करा काय करायचं ते.

"बेल्ट कशानं थांबला?" सुपरवायझर धावत आला.

"लाइट गेली असेल," मावशी म्हणाली आणि माझ्या खिशाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"दिवे तर चालू होते!"

"मग तुमच्या यंत्राला लागली असेल मुतायला."

संध्याकाळी मी एअर फ्रायर तापवला. आमचे तुकडे कडेला ठेवले, मधे तो दोन खळ्यांचा, कुणालाही न लावता. मधे एकदा उलटले. टिंग वाजलं. किती तरी दिवसांनी पोर न बोलावता ताटली घेऊन आली. जाळीत बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा माझा."

"थांब!" मी तिचा हात धरला. तुमच्या लाइनवर चुरा एकच येतो, तिखटाचा. पोती फोडतात तेव्हा पार माझ्यापर्यंत ठसका येतो, रुमाल बांधून उभी असते मी. "कंपनीचा आहे तो. भाजेल जीभ."

तिने हात सोडवून घेतला. दोन्ही खळ्यांत सॉस भरला. पहिला घास मोडला तसा तो कुर्रकन आवाज तिघींनीही ऐकला. मी पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. तिने त्याला हात लावला नाही. एक घास, दुसरा घास. डोळ्यांत पाणी नाही, नाकात नाही.

सासूबाईंनी तिच्या ताटलीतला एक कण बोटाने उचलून जिभेवर ठेवला. बराच वेळ तो तोंडात घोळवला.

"नुसतं मीठ आहे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पोरीने दुसऱ्या खळीपर्यंत खाल्लं आणि थांबली. उरलेला तेवढा भाग ताटलीच्या कडेला ठेवला, वर वाटी पालथी घातली. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ती वाटी अजून तशीच आहे, साहेब. मी काही केबिनचं दार फोडायला आलेले नाही. तुम्ही त्याचा हात शिकून घेतलात, यंत्राला दिलात, मान्य केलं. थकवाही शिकवला असेल. थंडीत ठणकणंही शिकवलं असेल, तुमच्या त्या तारांनी. पण मोजा हाताला होता. आमच्या घरात तो कधी आला नव्हता. तेव्हा ती खुर्ची माझ्याकडे वळवा आणि डोळ्यांत बघून सांगा: माझी पोर तिखट खात नाही, हे तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं?