सातव्या सेकंदापर्यंत

"झोप कशी लागते?" असं विचारल्यावर खरं उत्तर यायला सरासरी सात सेकंद लागतात. अकरा वर्षं मी हे भिंतीवरच्या घड्याळाच्या लाल काट्यावर मोजत आले आहे. दुसऱ्या सेकंदाला येतं ते "बरी लागते." हे उत्तर घरीदारी सगळ्यांना देऊन गुळगुळीत झालेलं असतं. खरं मागून येतं, आणि मध्येच कुणी बोललं तर येतच नाही.

माझ्या निवासी डॉक्टरांना हेच शिकवणं सगळ्यात जड जातं. टाके घालायला पोरं महिन्याभरात शिकतात. गप्प बसायला वर्ष लागतं.

रजोनिवृत्तीचा आमचा दवाखाना दर बुधवारी भरतो. जागा इस्पितळाच्या अगदी टोकाला, पूर्वी प्लास्टरचं सामान ठेवायचे त्या खोलीत. त्या बुधवारी टेबलाच्या खणात अधिष्ठात्यांचं पत्र होतं, तीन आठवड्यांपूर्वी आलेलं. स्त्रीरोग विभागाचं प्रमुखपद स्वीकारता का, म्हणून. हे पद याआधी दोनदा हातातोंडाशी येऊन हुकलं होतं. या वेळी ते आपण होऊन दारात उभं होतं, पण एकटं आलं नव्हतं. प्रमुखाला बुधवार मोकळा ठेवता येत नाही, म्हणून हा दवाखाना मोठ्या ओपीडीत मिसळायचा होता. तिथे एका बाईच्या वाट्याला चार मिनिटं येतात.

माझ्या ताईने तर मी प्रमुख होणार असं नातेवाइकांना परस्पर कळवूनही टाकलं होतं. मी मात्र कुणी विचारलं की "बघू" म्हणत होते. मुदत त्या दिवशी दुपारी एकपर्यंत होती.

अकराच्या सुमाराला एक गणिताच्या शिक्षिका आल्या. वय एकोणपन्नास. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. माझी निवासी डॉक्टर प्रश्न विचारत होती आणि मी मागे स्टुलावर बसले होते.

"काय त्रास होतो?"

"तसं काही नाही. घाम येतो जरा. वयच आहे ना."

निवासीने लिहायला पेन उचललं. मी बुटाच्या टोकाने तिची खुर्ची हलकेच ढोसली. पेन खाली गेलं. तीन. चार. बाहेरून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. पाच. सहा.

"मी राजीनामा लिहून आणलाय," शिक्षिका म्हणाल्या. "पर्समध्ये आहे. सव्वीस वर्षं शिकवतेय, आणि परवा फळ्यासमोर पुढची पायरीच आठवेना. खडू धरून नुसती उभी. मुलं हसली नाहीत हो, तेच जास्त लागलं. मला वेडबीड लागत नाहीये ना?"

मग बाकीचं भराभर आलं. शेवटची पाळी आठ महिन्यांपूर्वीची. रात्रीतून पाच-सहा वेळा घामाने जाग. स्तनाचा कर्करोग किंवा पायात रक्ताची गुठळी त्यांना कधी नव्हती, घरातही कुणाला नव्हती. रक्तदाब उत्तम.

"बाई," मी म्हणाले, "रात्रीतून पाच वेळा उठवलं तर तुमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरालाही पाढे येणार नाहीत. हे वेड नाही. त्वचेवर लावायचं हार्मोनचं जेल देते, आणि झोपताना घ्यायची एक गोळी. आधी झोप परत आणू. राजीनामा तीन महिने पर्समध्येच राहू दे, तो काही नासत नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "आणि नाहीच जमलं तर?"

"तर पुढच्या तपासण्या करू. मी इथेच आहे."

त्या गेल्यावर सिस्टर फायली लावता लावता म्हणाल्या, "इथेच म्हणजे नक्की कुठे? पुढच्या महिन्यात या खोलीत प्लास्टर परत आलं, की त्यांना कुठे पाठवू तेवढं सांगून ठेवा."

चौदा वर्षं बरोबर काम केलेल्या सिस्टरांना "बघू" म्हणून चालत नाही. मी पुढची फाईल उघडली.

एक वाजता अधिष्ठाता स्वतःच आला. आमच्याच वर्गातला, शवविच्छेदनाच्या टेबलाशी आम्ही समोरासमोर उभे असायचो. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून तो पेशंटच्या खुर्चीत बसला.

"काय घड्याळबाई, काटा हलला का? दुसरं कुणी असतं तर पहिल्याच दिवशी दारावरची पाटी रंगवून घेतली असती."

"चहा सांगू?"

"चहा नको, उत्तर सांग. काय ठरलं?"

"बघू," मी म्हणाले.

"बघू काय अगं, वरून मला..."

"सर, जरा थांबा," निवासी म्हणाली, आणि स्वतःच दचकली. सवयीने बोलून गेली होती.

तोही गोंधळून खरोखरच थांबला. सिस्टरांचा हात फायलीवर तसाच राहिला. लाल काटा पुढे सरकत होता. तीन. चार. इतके दिवस मला वाटत होतं की माझं ठरत नाहीये. ठरलेलं होतं, मी फक्त दुसऱ्या सेकंदाचं उत्तर देत सुटले होते. पाच. सहा.

"मला प्रमुखपद नको," मी म्हणाले. "मला ही खोली हवी, नुसती बुधवारी नाही, रोज. आणि प्रत्येक निवासी डॉक्टरने एक महिना इथे माझ्या शेजारी बसायचं."